काटा थंड, इंजिन गरम: बीटलचा ऑइल टेंपरेचर सेन्सर बदलताना

माझ्या फोक्सवॅगन बीटलला पाण्याच्या तापमानाचा काटा नाही, कारण तिच्यात पाणीच नाही. १९७१चं मॉडेल, १६०० सीसीचं चार सिलिंडरचं आडवं इंजिन, तेही मागच्या झाकणाखाली. ते थंड होतं पंख्याच्या हवेवर आणि स्वतःच्या ऑइलवर. कारखान्यातून निघाली तेव्हा समोर एक स्पीडोमीटर, त्याच्या पोटात पेट्रोलचा छोटा काटा आणि काही दिवे, एवढाच कारभार. इंजिन किती तापलंय हे सांगणारं काहीच नाही. आधीच्या मालकाने व्हीडीओ (VDO) कंपनीचं ऑइल टेंपरेचर गेज डॅशबोर्डखाली बसवलं आणि त्याचा सेन्सर इंजिनच्या तळाशी, ऑइल काढायच्या बुचाच्या जागी लावला. गाडी माझ्याकडे आली ती ह्या काट्यासकट. तो सेन्सर मी आजवर दोनदा बदलला. पहिल्यांदा बदलायची गरज नव्हती.

ती फजिती आधी सांगते, कारण पुढची सगळी कृती तिच्यातूनच आली आहे. तळाची प्लेट गंजली होती. मी ती काढली, घासली आणि दोन्ही बाजूंनी, कडांना, नटांच्या भोकांतसुद्धा काळ्या रंगाचे छान जाड हात दिले. नवी पॅकिंग लावून सगळं परत बसवलं. दुसऱ्या दिवशी गाडी काढली तर काटा नेहमीपेक्षा वीसेक अंश खाली. मी खूश. भाच्याला सांगितलं, प्लेटच्या वरची ऑइल गाळायची जाळी धुतली म्हणून इंजिन थंड चालतंय.

"मावशी, जाळी धुतल्याने एवढा फरक पडतो?" तो म्हणाला.

पडत नाही. पण अख्खा उन्हाळा मी तसंच मानून गाडी चालवली. पुढे एका लांब चढानंतर इंजिनचा वास काही बरा वाटेना, म्हणून डिपस्टिकच्या भोकातून थर्मोकपलची, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी, बारीक तार आत सोडली. तार म्हणाली ११८, काटा म्हणाला ९५. मग मी सेन्सरला दोष दिला, नवा आणून लावला, आणि काटा होता तिथेच. माझ्या रंगाने प्लेटचं अर्थिंग तोडलं होतं. नोकरीची बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात दुसऱ्यांची गेज तपासण्यात घालवलेल्या बाईकडून ही चूक व्हावी, ह्यावर घरात अजून हसतात.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी अर्धा तास मल्टिमीटरला द्या.

हा सेन्सर म्हणजे पितळी बोल्टच्या पोटात बसवलेली एक छोटी गोळी. ती जितकी तापते तितका तिचा रेझिस्टन्स उतरतो. एक वायर गेजकडून तिच्या टोकाला येते, आणि परतीचा रस्ता म्हणजे बोल्टचे आटे, तिथून प्लेट, प्लेटचे सहा स्टड (डोकं नसलेले, कवचात रोवलेले बोल्ट), इंजिनचं कवच, गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्या नाकाजवळून बॉडीला जोडलेली विणलेली अर्थिंगची पट्टी. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसलेले असतात, त्यामुळे ती पट्टी नसेल तर विजेला परत जायला नीट रस्ताच उरत नाही. गेज ह्या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स एकत्र मोजतं. त्यात गोळीचा किती आणि गंजाचा किती, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

आता आकडे. माझं गेज १५० अंशांचं आहे. त्याच्या जोडीचा व्हीडीओचा सेन्सर ५० अंशांना सुमारे ३२० ओहम दाखवतो, १०० अंशांना सुमारे ६२, १२० ला सदतीसच्या आसपास आणि १५० ला जेमतेम १८-१९. म्हणजे खाली उतार मोठा आणि वर अगदी सपाट. ह्याचा परिणाम बघा. वाटेत कुठेतरी वीस ओहमचा गंज बसलाय असं धरा. खरं तापमान १०० असेल तर काटा ९० दाखवेल; दहा अंशांची चूक, चालून जाईल. खरं १२० असेल तर काटा १०३च्या आसपास. आणि खरं १४० असेल, म्हणजे इंजिन बंद करून बाजूला उभं राहायची वेळ आली असेल, तेव्हा काटा म्हणेल ११५. जिथे धोका जास्त तिथेच चूक जास्त, आणि तीही नेमकी थंड बाजूला. खराब अर्थिंग काट्याला कधीच गरम बाजूला ढकलत नाही. म्हणून "हल्ली गाडी जरा थंड चालते" असं वाटायला लागलं की आनंद पुढे ढकलून मीटर काढायचा.

तपासणी अशी. इग्निशन चालू करा, इंजिन बंदच ठेवा. गाडीखाली जाऊन सेन्सरची वायर काढा: काटा थंड टोकाला पडला पाहिजे. आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ, उघड्या धातूला क्षणभर टेकवा: काटा गरम टोकाकडे धावला पाहिजे. क्षणभरच, कारण तसं धरून ठेवणं गेजला बरं नाही. एक माणूस खाली आणि एक सीटवर असेल तर हे काम दोन मिनिटांचं. एकटीने केलं तर पाच वेळा आत-बाहेर. काटा दोन्ही टोकांना नीट गेला तर गेज आणि वायर दोघंही ठीक. वायर टेकवूनही हलला नाही तर दोष वायरीत किंवा गेजमध्ये आहे, सेन्सर तसाच राहू द्या. वायर काढूनही काटा गरम टोकालाच चिकटून असेल तर ती वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागात बोट फिरवून बघा, बहुधा तिथेच सापडेल.

आणखी एक खूण आहे. रात्री हेडलाइट लावल्याबरोबर काटा जागचा हलतो का? हलत असेल तर गेजचंच, डॅशबोर्डमागचं अर्थिंग ढिलं आहे. अंधारात इंजिन अचानक तापत नाही.

आता वाटेचं मोजमाप. मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना लावा आणि येईल तो आकडा लक्षात ठेवा. तो मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स. मग एक टोक सेन्सरच्या षटकोनी अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. स्वतःचा आकडा वजा करून एक ओहमच्या आत आलं पाहिजे. माझ्या रंगवलेल्या प्लेटवर तीसच्या वर आलं होतं, आणि दर वेळी वेगळं. जास्त आलं तर टप्प्याटप्प्याने पुढे सरका: प्लेटवर, मग नटावर, मग इंजिनच्या कवचावर, मग गिअरबॉक्सवर. आकडा जिथे एकदम उतरतो, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष. गिअरबॉक्सच्या पट्टीचा संशय असेल तर साध्या ओहममध्ये ती कधीकधी चांगली दिसते आणि भार पडला की उघडी पडते. इंजिन पेटू नये म्हणून कॉइलची वायर काढून स्टार्टर मारा आणि त्या वेळी इंजिनचं कवच ते बॅटरीचं निगेटिव्ह असे व्होल्ट बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच कमी आकडा हवा. जास्त असेल तर ती पट्टी बदला. काट्याबरोबर तुमचा स्टार्टरही सुधारेल.

शेवटी खुद्द सेन्सर. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, वायर काढून, सेन्सरचं टोक ते त्याचं अंग असा रेझिस्टन्स मोजा. थंड असताना तो शेकड्यांत हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली जोडणी तुटली. शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट. दोन्हींत सेन्सर मेला. तिसरा प्रकार त्रासदायक: आकडा येतो, पण बोटाने टोक हलवलं की बदलतो. माझ्या दुसऱ्या वेळेला हेच झालं होतं. तळाला लागलेल्या एका दगडाने टोकाची खुंटी ढिली झाली होती आणि काटा खड्ड्यागणिक उड्या मारत होता. तेव्हा मात्र सेन्सर खरंच बदलायचा होता.

खरेदीत तीन गोष्टी जुळवायच्या. पहिली, तापमानाची मर्यादा. व्हीडीओचे १२० अंशांचे आणि १५० अंशांचे सेन्सर दिसायला भावंडं, पण स्वभाव निराळे. १२०वाल्याचा १०० अंशांना रेझिस्टन्स सुमारे ३८ ओहम, १५०वाल्याचा ६२. १२० अंशांच्या गेजला १५०वाला सेन्सर लावलात तर ऑइल खरोखर १०० अंशांवर असताना काटा ८४च्या आसपास थांबेल. गेजच्या तबकडीवरचा शेवटचा आकडा वाचा आणि तोच सेन्सर मागा. दुसरी गोष्ट आटे: बीटलच्या तळप्लेटच्या मधल्या बुचाचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटरच्या चालीचे. जुना सेन्सर हातात असेल तर नवा त्याच्या शेजारी धरून आट्यांत आटे बसतात का ते बघायचं. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे लांबी. प्लेटच्या वर लगेच जाळी आणि तिच्या मधून पंपाची ओढनळी खाली आलेली असते. सेन्सर जुन्यापेक्षा लांब असेल तर त्याचं नाक त्या नळीला भिडेल. पट्टीने मोजा. तुमच्या प्लेटला मध्ये भोकच नसेल, तर आधी भोकवाली प्लेट लागेल.

सेन्सरशिवाय हे लागेल: जाळीच्या वर-खाली बसणारी दोन कागदी पॅकिंग, नटांखालचे सहा तांब्याचे वायसर, सेन्सरचा स्वतःचा एक वायसर, अडीच लिटर ऑइल, १० मिलिमीटरची गोटी (सॉकेट), सेन्सरच्या अंगाला बसेल तो रिंग पाना, हलक्या कामाचा टॉर्क पाना, पसरट भांडं, रॉकेल, बारीक पॉलिश पेपर आणि नको तितक्या चिंध्या. अडीच लिटर का, तर ह्या इंजिनात मावतं तेवढंच. इतकंसं ऑइल चार सिलिंडरांची उष्णता वाहत असतं, म्हणून त्याच्या तापमानाला एवढी किंमत. सेन्सर काढला की सगळं ऑइल खाली येणारच, तेव्हा हे काम ऑइल बदलायच्या दिवशीच काढा.

सेन्सर आधी पाण्यात तपासून घ्या. नवा असला तरी. जुन्या पातेल्यात पाणी उकळा, सेन्सर तारेने बांधून फक्त नाक आणि आटे बुडतील असा टांगा, टोक कोरडं ठेवा. तळाला टेकू देऊ नका. भांड्याचा तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. दोन-तीन मिनिटं थांबा आणि आकडा बघा. १५०वाला असेल तर साठ-पासष्टच्या आसपास यावा. तुम्ही डोंगरावर राहत असाल तर पाणी १०० च्या आधीच उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, तेवढं मनात धरा. हा उकळत्या पाण्याचा आकडा मी प्रत्येक सेन्सरचा लिहून ठेवते. तेल तापवून वरचे आकडे काढायच्या फंदात पडू नका. घरच्या आचेवर तेल आणि पाण्याचे थेंब एकत्र आले तर काय होतं ते सांगायला नको.

आता गाडी. इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल पातळ होईल, आणि मग हाताला सोसवेल इतपत निवू द्या. चढावरून आल्या आल्या गाडीखाली शिरायचं नाही. मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला बॅटरी आहे. तिचं निगेटिव्ह काढा. परत बसवताना बॅटरीवरचं झाकण विसरू नका. ते नसेल तर जड माणूस मागे बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि सीटचं भरण पेट घेतं. बीटलवाल्यांमध्ये ही दंतकथा नाही, खरंच होतं.

बीटल मुळात उंच असते, बारीक माणूस जॅक न लावताही हात घालू शकतो. मी ती गाडी ढकलण्याच्या वयातून आणि त्या बारीक गटातून एकदमच बाहेर पडले, त्यामुळे मागची बाजू उचलते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, जॅक मागच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारच्या आडव्या नळीखाली, आणि लगेच दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड). जॅक इंजिनच्या तळाला कधीही लावू नका. कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, आणि तळप्लेटवर गाडी तोललीत तर सेन्सर बदलण्याचं काम हे इंजिन उघडण्याचं काम होईल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर जायचंच नाही, "एकच मिनिट" म्हणूनही नाही.

वायर काढताना घाई नको. टोकाला चपटी क्लिप असेल तर पकडीने क्लिपच धरून ओढा, वायर नाही. छोटा नट असेल तर एका पान्याने सेन्सरचं षटकोनी अंग धरा आणि दुसऱ्याने नट सोडवा. नाहीतर नटाबरोबर आतली खुंटी फिरते आणि चांगला सेन्सरही तिथेच संपतो. जुना फेकायचाच असला तरी ही सवय लावून घ्या, कारण नव्यावर तोच नट आवळायचा आहे.

भांडं सरकवा. प्लेट इंजिनवर घट्ट असतानाच सेन्सर ढिला करा. प्लेट काढून हातात धरून तो सोडवणं म्हणजे कुस्ती. ढिला झाला की पान्याऐवजी बोटांनी फिरवा, वरच्या दिशेने किंचित दाबून धरा, आणि शेवटचा आटा सुटला की झटक्यात बाजूला घ्या. तरी ऑइल कोपरापर्यंत येतंच. भाचा म्हणतो, बाही वर कर. मी म्हणते, बाही खाली असली तर ऑइल काखेपर्यंत जात नाही. दोघांचे शर्ट सारखेच खराब होतात.

ऑइल थेंबाथेंबाने येईपर्यंत थांबा. तोवर भांड्यात बघा. करडी झाक असणं नेहमीचं. पण बोटात घासल्यावर चमचमणारे कण दिसले, तर बेअरिंगांकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे आणि तापमानाचा काटा हा तुमचा छोटा प्रश्न आहे.

मग प्लेटचे सहा नट. समोरासमोरचे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडत जा. नटाऐवजी अख्खा स्टडच फिरून बाहेर येऊ लागला तर तसाच येऊ द्या, पण कवचाकडचे आटे नीट बघा. पांढरट चुरा स्टडला चिकटून आला असेल तर आटे गेले आणि तिथे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावं लागेल. प्लेट आणि जाळी खाली उतरवा. जाळी रॉकेलमध्ये धुवा, उजेडाकडे धरून फाटलेली नाही ना बघा. जुनं कागदी पॅकिंग कवचाला चिकटून राहतं. ते प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. लोखंडी पात्याने मॅग्नेशियमवर पडलेला एक ओरखडाही पुढे वर्षभर थेंब गाळतो.

इथे माझ्या पहिल्या चुकीचं परिमार्जन. प्लेटवर नट जिथे बसतात ती सहा वर्तुळं आणि सेन्सरचा वायसर जिथे बसतो ते एक, एवढ्या सात जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत उघड्या करा. वायसर तांब्याचे असल्यामुळे ऑइलही अडतं आणि वीजही जाते. बाकी प्लेट खुशाल रंगवा.

नवा सेन्सर प्लेटला टेबलावरच बसवून घ्या, गाडीखाली नाही. प्लेट शिकंज्यात धरा, नवा वायसर घाला, हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि मग पान्याने वायसर दबल्याचं जाणवेपर्यंत आवळा. आट्यांना टेप गुंडाळू नका, सीलंटही नको. ह्या सरळ आट्यांना गळती थांबवायचं काम वायसर करतो. टेप फक्त अर्थिंगच्या वाटेत येते. प्लेट पोलादी आहे, त्यामुळे इथे थोडा जास्त जोर लागला तरी फार बिघडत नाही, आणि बिघडलंच तर प्लेट बदलता येते. इंजिनवर डिस्ट्रिब्युटरशेजारी जो ऑइल प्रेशरचा स्विच असतो त्याच्याबाबतीत मात्र असं नाही: त्याचे आटे निमुळते आणि थेट कवचात बसतात. ह्या दोघांना एकाच हाताने आवळणाऱ्यांनी अनेक कवचं फोडली आहेत.

टेबलावरच मीटर लावा: सेन्सरचं अंग ते प्लेटवरचं उघडं वर्तुळ, शून्याजवळ. सेन्सरचं टोक ते वर्तुळ, खोलीच्या तापमानाला कित्येक शेकडे ओहम. हे दोन आकडे आले की मग गाडीखाली.

क्रम असा: कवच, पॅकिंग, जाळी, दुसरं पॅकिंग, प्लेट, तांब्याचे वायसर, नट. जाळीच्या मधल्या भोकात ओढनळी नीट शिरली पाहिजे, तिरकी अडकली तर प्लेट एका बाजूने बसणार नाही. नट ७ न्यूटन-मीटर. हा आकडा हास्यास्पद कमी वाटतो, आणि म्हणूनच लोक तो ओलांडतात. १० च्या गोटीला लांब दांडा लावून "अजून थोडं" केलंत की प्लेट नटांपाशी आत वाकते, मधे फुगते आणि गळायला लागते. गळते म्हणून आणखी आवळता, आणि मग स्टड आट्यांसकट हातात येतो. टॉर्क पाना नसेल तर छोटा रॅचेट मुठीत न धरता दोन बोटांत धरा. समोरासमोर, तीन फेऱ्यांत.

वायर जोडताना पुन्हा तोच नियम, एक पाना अंगाला, एक नटाला. टोकावर रबरी टोपी ओढा. पाणी, चिखल आणि दगड ह्यांच्या माऱ्यात ही जागा सगळ्यात खाली आहे. वायरीला थोडी ढील द्या, कारण इंजिन रबरावर हलतं आणि बॉडी हलत नाही. एक्झॉस्ट आणि हीट एक्स्चेंजरपासून चार बोटं दूर ठेवून बांधा. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर आजच घाला.

ऑइल भरा, थोडं कमीच, मग डिपस्टिकवर बघत खुणेपर्यंत आणा. बॅटरी जोडा. पहिला स्टार्टर कॉइलची वायर काढून मारा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगांवर इंजिन पेटवायची गरज नाही. दिवा विझला की वायर लावून इंजिन चालू करा आणि लगेच खाली डोकवा. थेंब दिसला तर इंजिन बंद करून कोणता नट ते शोधा, सगळे आवळत सुटू नका.

काटा हलायला वेळ लागतो, पहिली पाच-सात मिनिटं तर तो झोपलेलाच असतो. वीसेक मिनिटं रस्त्यावर चालवा. ऑइल पंपातून आधी कूलरमध्ये आणि मग बेअरिंगांकडे जातं. आपला सेन्सर पंपाच्याही आधी, तळात आहे, म्हणून तो कूलरआधीचं, गरम ऑइल मोजतो. ८० ते १०५ मध्ये काटा स्थिरावला तर निश्चिंत असा. ११०च्या वर गेला तर वेग कमी करा. १२० ओलांडायला लागला तर बाजूला घेऊन कारण शोधा: पंख्याचा पट्टा, इग्निशनचं टायमिंग, इंजिनभोवतीच्या पत्र्यांतलं एखादं सुटलेलं रबर.

पण काटा खरं सांगतोय का, ते एकदा ताडून बघा. परत आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर प्लेटवर मारणार असाल तर आधी प्लेटवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका असू द्या. चकचकीत धातूवर ते यंत्र फार कमी आकडा दाखवतं आणि तुम्ही पुन्हा माझ्यासारखे उगाच खूश व्हाल. त्यापेक्षा डिपस्टिकच्या भोकातून थर्मोकपल सोडणं मला जास्त पटतं. इंजिन बंद करून सोडा, कुठे आत अडकेल अशी लांब नको. तार आणि काटा ह्यांच्यात पाच अंशांचा फरक मी सोडून देते. दहाच्या वर गेला की पुन्हा मीटर आणि पुन्हा सेन्सरचं अंग ते बॅटरीचं निगेटिव्ह.

माझ्या इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागदी पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर सेन्सर बसवल्याची तारीख, "१५० अंश", उकळत्या पाण्यातला आकडा ६३ आणि अर्थिंगच्या वाटेचा आकडा ०.३ लिहिला आहे. दर ऑइल बदलाच्या वेळी शेवटचा आकडा पुन्हा मोजून त्याच्याखाली लिहिते. मागच्या वेळी तो ०.९ आला, म्हणून सहाही नटांखालची वर्तुळं पुन्हा घासली आणि वायसर बदलले. सेन्सर तोच आहे.